गाडी जेवायला थांबते

१४ जून १९१४, रविवार. व्हिएन्ना

नव्या वेळापत्रकाची छापील प्रत काल हातात पडली. सैन्याच्या जमवाजमवीचं वेळापत्रक. लढाई होवो न होवो, ते दर वर्षी नव्याने करावंच लागतं. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांना वाटतं, सेनापतीने नकाशावर बोट ठेवलं की सैन्य निघालं. बोट कुणीही ठेवेल. सैन्य निघतं ते आमच्या तक्त्यावर, लष्कराच्या रेल्वे कचेरीच्या या चार खोल्यांतून, जिथे खिडकी उघडली की कागद उडतात आणि बंद केली की मेजर बेन्कोविचच्या चिरुटाने जीव गुदमरतो.

यंदाच्या प्रतीत माझं स्वतःचं म्हणावं असं एक कलम आहे. लष्कराची गाडी कुठेही जात असो, ती दिवसातून एकदा मोठ्या स्टेशनात जेवणासाठी नीट थांबेल. माणसं खाली उतरतील, रांगेत बसून गरम गुलाश आणि पाव खातील, घोड्यांना पाणी दाखवलं जाईल, आणि मग गाडी पुढे. चांगले सहा तास. बेन्कोविच म्हणाला, "अहो कॅप्टन कुचेरा, हल्ली प्रत्येक पलटणीबरोबर चाकांवरचं स्वयंपाकघर असतं. चालत्या गाडीत शिजवा आणि वाढा की! तुमचं घोडं दर स्टेशनात पेंड खाणार." मी म्हटलं, हलत्या डब्यात ओठ भाजत पोटात ढकललं त्याला जेवण म्हणत नाहीत. तो हसला. त्याच्या घरी सगळे उभ्यानेच जेवत असतील.

खरं कारण त्याला सांगितलं नाही. आई गेल्यावर मला रेझीताईने वाढवलं. कॅडेट शाळेला निघालो त्या सकाळी मी रडरड करून काही खाल्लं नव्हतं. गाडी हलल्यावर ताई फलाटावरून धावत आली आणि तिने चरबी लावलेल्या पावाची पुडी खिडकीतून माझ्या अंगावर फेकली. रिकाम्या पोटी प्रवास करू नये, हा तिचा धर्म. तो मी साम्राज्याच्या वेळापत्रकात घातला. आमचे प्रमुख कर्नल हाबर्डिट्झ यांनी न वाचताच सही केली.

दुपारी ताईकडेच जेवायला होतो. पेपी गुडघा फोडून आला. पेपी म्हणजे ताईचा एकुलता एक, माझा भाचा. बाप लहानपणीच गेला. पोरगा मायड्लिंगला सायकलींच्या दुकानात काम करतो आणि रविवारी शर्यती हरतो.

"मामा, लष्कराची गाडी किती वेगाने पळते हो?"

"ते गुपित आहे."

"म्हणजे हळू!"

मी चिडलो आणि चिडल्यामुळे जास्त बोललो. सगळ्या गाड्या एकाच वेगाने जातात, सगळ्यात वाईट रुळांना झेपेल तेवढ्याच. त्यामुळे कुठली गाडी कुठे आहे हे डोळे मिटून सांगता येतं, वगैरे. पेपीने काटा खाली ठेवला.

"मग माझी सायकल तुमच्या पुढे जाणार. लावता पैज? मी जिंकलो तर मला पुढे लावायचा तो कार्बाइडचा दिवा. तुम्ही जिंकलात तर प्लमच्या दिवसांत तुम्हाला ताटभर डम्पलिंग, आत प्लम भरलेले. बिया मी काढीन, उकडेल आई."

"मला कशाला मधे घेतोस?" ताई म्हणाली. "आणि ताट केवढं ते मी ठरवीन."

पैज लागली. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने कशाकशात पडावं!

२९ जून

काल साराजेव्होला युवराजांना आणि त्यांच्या पत्नीला गोळ्या घातल्या. दोघंही गेले. कॉफीहाउसमधला बँड थांबला, मग कुणीतरी बिल मागितलं, मग पुन्हा बोलणी सुरू झाली. बेन्कोविच म्हणाला, "आता तुमचं वेळापत्रकाचं पुस्तक उघडणार."

लाज वाटावी अशी गोष्ट लिहून ठेवतो, इथे कोण वाचतंय. बातमी ऐकल्यावर पहिलं मनात आलं ते दुःख नव्हतं. मनात आलं, ब्रनोच्या फाट्यावरच्या गाड्यांचा तक्ता मी पुन्हा तपासला होता ना?

९ जुलै

सगळं शांत. बरेच शिपाई सुगीच्या रजेवर आपापल्या शेतात आहेत. वरचे साहेब लोक डोंगरात हवा खायला गेलेत. युद्ध होणार असतं तर कुणी असं वागलं असतं का?

ताईने आज सहज विचारल्यासारखं विचारलं, "पेपीची पलटण कुठे जाईल रे? काही झालंच तर?" तिला सांगायला नको होतं, पण तिच्यापुढे मला गुपित राखता येत नाही. आमच्या सैन्याचे तीन भाग आहेत. छोटा भाग दक्षिणेला, सर्बियावर. मोठा भाग उत्तरेला, रशियाच्या तोंडावर. आणि तिसरा, ज्याला आम्ही ब गट म्हणतो, तो जिकडे लागेल तिकडे. सर्बियाशी एकट्याशी जुंपली तर दक्षिणेला, रशिया उतरला तर उत्तरेला. पेपीचा बाप लाइटमेरिट्झचा, म्हणून पेपीची नोंदही तिकडच्याच पलटणीत, जन्म गेला व्हिएन्नात तरी. आणि ती पलटण ब गटात.

"म्हणजे नक्की कुठे?"

"म्हणजे ठरायचंय."

"हे बरं आहे तुमचं," ताई म्हणाली. "मी पाहुण्यांना बोलावते तेव्हा कुठल्या खोलीत बसवायचं ते आधी ठरवते."

२६ जुलै, रविवार

पुस्तक उघडलं. सर्बियाने आमच्या अटी नाकारल्या. हुकूम फक्त सर्बियापुरता आहे, म्हणजे दक्षिणेचा भाग आणि ब गट. भिंतींवर पत्रकं लागली, पेपीलाही निघायला सांगितलंय.

रस्त्यावर लोक गात होते. अनोळखी म्हाताऱ्याने गणवेश बघून माझ्या हाताचं चुंबन घेतलं. मी रडलो. एवढा आनंद आणि एवढी भीती एकदम होऊ शकते हे मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी ताई माझ्या खोलीवर आली. कधी येत नाही. हातमोजे काढलेच नाहीत.

"व्हिक्टर, तू त्या कचेरीत आहेस. कुणाशी तरी बोल. त्याला लाइटमेरिट्झच्या डेपोतच ठेवा म्हणावं. सायकली दुरुस्त करील, चाकं बसवील. सैन्याला चाकं लागतात की नाही?"

मी म्हटलं, ताई, हे मी कसं करणार? हजारो आयांचे मुलगे चाललेत. ती म्हणाली, "हजारो आयांचे भाऊ कचेरीत नाहीत." मी तिला समजावलं, की पेपी दक्षिणेला चाललाय आणि सर्बिया म्हणजे मूठभर शेतकऱ्यांचा देश, तिथली लढाई प्लम पिकायच्या आत संपेल. खरी भीती उत्तरेला आहे, रशियाकडे. व्हिएन्नाची पोरं रशियावर जायची ठरली आहेत, ताई! बापाच्या गावची नोंद म्हणून तुझा पेपी वाचला.

तिने हातमोज्याची बोटं ओढून नीट केली. मग म्हणाली, "म्हणजे दक्षिण. तू सांगतोस म्हणून मी धरून चालते."

मी शब्द दिला असं ती समजली. मी काही शब्द दिला नाही.

२८ जुलै

वायव्य स्टेशनवर पेपीला पोचवलं; आधी लाइटमेरिट्झला पलटणीत हजर व्हायचं, मग तिथून पलटणीबरोबर पुढे. ताईने पावाची पुडी, उकडलेली अंडी, खारवलेल्या काकड्यांची बरणी आणि केक असं सगळं आणलं होतं. "आई, मी लढायला चाललोय की हॉटेल उघडायला?" पेपी म्हणाला. मग मला बाजूला घेऊन, "मामा, दिवा मी आल्यावर घेईन. दुकानदाराला सांगून ठेवलाय. निळ्या काचेचा."

"आधी जिंक तर."

"तुमची गाडी मी आतून बघणार आता. खोटं बोलता येणार नाही तुम्हाला!"

ताई रडली नाही. गाडी हलल्यावर या वेळी ती धावलीही नाही. आता तिला धावणं जमत नाही.

१ ऑगस्ट

काल काय घडलं ते नीट लिहायला हवं. नंतर लोक वाटेल ते सांगतील.

रशियाने सगळ्या सैन्याला हाक दिली आहे. म्हणजे आता उत्तर. वरून विचारणा आली, की दक्षिणेला निघालेला ब गट वळवून उत्तरेला नेता येईल का? कर्नल हाबर्डिट्झनी आम्हाला उभ्याउभ्याच बोलावलं. त्यांची दाढी झालेली नव्हती. त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं.

"गाड्या वळवता येतील की नाही? हो किंवा नाही."

बेन्कोविच म्हणाला, "ज्या वाटेत आहेत त्यांना वळवलं तर गोंधळ होईल. पण बऱ्याच अजून हललेल्या नाहीत. लाइटमेरिट्झकडच्या पलटणी अजून बरॅकीत बसल्यात. जी गाडी सुटलीच नाही ती दुसऱ्या बाजूला सोडायला काय होतंय?"

कर्नलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बोहेमियाकडचे, म्हणजे लाइटमेरिट्झकडचेही, मार्ग माझे.

मी म्हणालो, "त्यांना खायला काय घालणार?"

आणि हे खरंच होतं. दक्षिणेच्या वाटेवर जेवणाच्या स्टेशनांत कढया पोचल्या होत्या, मांस पोचलं होतं, पाव भाजायला घेतले होते, आचारी नेमले होते. उत्तरेच्या वाटेवर ब गटासाठी अजून चूलसुद्धा मांडलेली नव्हती. अर्धे इकडे, अर्धे तिकडे झाले तर तक्त्याची खिचडी होईल. मी म्हटलं, साहेब, गट ठरल्याप्रमाणे दक्षिणेला जाऊ द्या. तिथे उतरवा. मग पुन्हा चढवून उत्तरेला आणू. सगळं शिस्तीत होईल.

"अहो, आधी उलट्या दिशेने नेऊन मग परत आणायचे?" बेन्कोविच ओरडला. "पाहुण्याला मागच्या दाराने बाहेर काढून पुढच्या दाराने आत घेण्यासारखं आहे हे! तिकडे उत्तरेला आग लागलीय!"

"उपाशी सैन्य लढत नाही, मेजर."

"आणि न पोचलेलं लढतं वाटतं?"

कर्नलसाहेबांनी हात वर केला. माझं उत्तर ऐकून त्यांचे खांदे सैल झाले हे मी पाहिलं. त्यांनाही 'नाही'च हवं होतं. त्यांनी वर तसं कळवलं आणि वरून ते मान्य झालं.

मी बोललो ते प्रत्येक अक्षर खरं होतं. बोलताना पेपी मनात होता, हेही खरं. दोन खऱ्या गोष्टी एकाच वाटेने चालल्या होत्या, त्यात माझा काय दोष?

४ ऑगस्ट

ताईला सांगितलं, पेपीची गाडी सुटली, दक्षिणेला. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, मी सहा वर्षांचा असताना धरायची तसा. जर्दाळूचा मुरंबा दिला, दोन बरण्या.

परत उत्तरेला यायचं आहे ते सांगितलं नाही. तोवर कदाचित गरजच पडणार नाही.

१२ ऑगस्ट

पेपीचं कार्ड आलं. ताईने ते मला वाचून दाखवलं, मग मी वाचलं, मग तिने पुन्हा वाचलं.

"मामा, दिवा माझा. तुमची गाडी इतकी हळू आहे की परवा मी पुढच्या डब्यातून उतरलो, रस्त्याकडेच्या झाडाची नासपती काढली, आणि मागच्या डब्यात चढलो. सार्जंटने शिव्या दिल्या, मग एक नासपती मागून घेतली. जेवायला थांबलो की सहा तास हलत नाही. पहिल्या दिवशी सगळे खूष होते, आता गुलाश दिसलं की पोरं डोळे मिटून पडतात. रात्री झोपेतून उठवून खायला घालतात! आमचा कॉर्पोरल लाउबे म्हणतो, हे ज्याने ठरवलं तो माणूस जाडा असणार. मी गप्प बसलो. आई, मी भरपूर खातोय. चिंता नको."

ताई इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. "बघ, जाडा म्हणतायत तुला!" आणि मग, "तू हे केलंस होय रे? जेवणाचं?" मी हो म्हटलं. ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी हलवत राहिली. मला वाटतं माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात चांगला दिवस होता.

२० ऑगस्ट

ब गट परत निघाला. दक्षिणेला त्यांनी नदीकाठी तंबूत बसून दुसऱ्यांची लढाई ऐकली, एवढंच. ती लढाईही वाईट झाली म्हणतात. मूठभर शेतकऱ्यांनी आमच्यांना परत नदीपार ढकललं. मला हे समजत नाही.

उत्तरेकडच्या बातम्या अजून तरी चांगल्या आहेत. बेन्कोविच माझ्याशी कामापुरतंच बोलतो. सकाळी नकाशापुढे उभा राहून स्वतःशीच म्हणाला, "वरातीमागून घोडं." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

ताईला आज सांगावंच लागलं.

"पण तू म्हणाला होतास दक्षिण."

"दक्षिणच होती, ताई. झाली ती."

"मग त्याला घरी का नाही आणत?"

मी तिला समजावून सांगितलं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की ती ऐकत नाहीये, माझ्या कोटाचं सैल झालेलं बटण बघतेय. तिने सुईदोरा आणला आणि कोट अंगावर असतानाच ते बटण शिवून दिलं.

२९ ऑगस्ट

उत्तरेला लेम्बर्ग शहराच्या पुढे रशियनांनी आमची फळी फोडली. किती मोठी फूट आहे ते कुणी सांगत नाही. कर्नलसाहेब दुपारी आत आले आणि दार लावून घेतलं.

"कुचेरा, ब गटाच्या गाड्या कुठे आहेत?"

मी सांगितलं. हंगेरीतून कार्पेथियनच्या घाटाकडे, सगळ्या तक्त्याप्रमाणे, एकही मागे नाही.

"जेवणाचे थांबे काढा. घाटाअलीकडचे सगळे. आजपासून. आणि वेग वाढवा. रूळ फुटले तर फुटू देत."

मी म्हटलं, साहेब, माणसं दिवसभर... ते ओरडले नाहीत, हेच भयंकर. म्हणाले, "कॅप्टन, पेन्सिल घ्या."

लाल पेन्सिलने मी माझेच थांबे एकेक करून खोडले. शेवटचा मुंकाचचा होता, घाटाच्या तोंडाशी. तिथली कढई सगळ्यात मोठी. रेघ वाकडी आली.

३१ ऑगस्ट

रूळ फुटले नाहीत. गाड्या तक्त्याच्या कितीतरी आधी पोचतायत. मी सारखी वाट बघतोय की कुठेतरी काहीतरी मोडेल. काही मोडलं नाही.

बेन्कोविच माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मला वाटलं टोमणा मारेल. तो फक्त म्हणाला, "म्हणजे एवढ्या वेगाने त्या आधीही जाऊ शकल्या असत्या." आणि गेला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

मुंकाचच्या स्टेशनमास्तराची तक्रार आली आहे. बिचाऱ्याला थांबा रद्द झाल्याचा निरोप उशिरा मिळाला. "पलटणीचं जेवण तयार करून फलाटावर ठेवलं. गाडी थांबली नाही. अन्नाचं काय करायचं?" मी कळवलं, गावातल्या गरिबांना वाटा. मग गाडीचा क्रमांक बघितला. बघायला नको होता. लाइटमेरिट्झची पलटण.

तरी पोरगं नासपती काढून खाणारं आहे. काहीतरी मिळवलं असेलच.

४ सप्टेंबर

लेम्बर्ग पडलं. रस्त्यावर आता कुणी गात नाही. वरून खुलासा मागवला आहे, की ब गट वेळेवर का पोचला नाही? मी उत्तर तयार केलं. ब गटाची एकही गाडी तक्त्यापेक्षा उशिरा पोचलेली नाही. शेवटच्या टप्प्यात तर त्या लवकर पोचल्या आहेत. हे खरं आहे. कर्नलसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "होय. असंच पाठवा."

पेपीचं कार्ड नाही. ताईला म्हटलं, टपाल खोळंबलंय. ताई म्हणाली, "टपालाच्या गाड्यासुद्धा जेवायला थांबतात का?" ती चेष्टा करत होती की नाही ते कळलं नाही.

१३ सप्टेंबर

ताईला कळवण्यात आलं. पेपी गेला. ठिकाणाचं नाव चुकीचं लिहिलंय, असं गाव नकाशात नाही. मी सगळे नकाशे काढून पाहिले.

ताईपाशी दिवसभर बसलो. तिने माझ्यासाठी सूप गरम केलं. मी कोण, तिने माझ्यासाठी सूप गरम करावं?

१७ सप्टेंबर

कॉर्पोरल लाउबे व्हिएन्नात आहे, ओट्टाक्रिंगच्या एका शाळेत जखमींसाठी खाटा मांडल्यात तिथे. मला जायचं नव्हतं. ताई निघालीच होती, तिला एकटीला कसं पाठवणार?

लाउबेचा एक पाय गेलाय. मोठा, लाल केसांचा, गावाकडचा माणूस. पेपीची आई म्हटल्यावर उठून बसायची धडपड करायला लागला. ताईने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला झोपवलं.

"मावशी, लई गुणाचं पोरगं होतं," तो म्हणाला. "सगळ्यांना हसवायचं. रेल्वेतनं उतरलो आणि तिथनंच चालवत नेलं आम्हाला. पुढनं आपलीच माणसं पळत येत होती, जखमी, बंदुका टाकलेली. आम्ही त्यांच्यातनं पुढं. सांज व्हायच्या आत झालं सगळं. त्याला त्रास नाही झाला, मावशी. मी शेजारीच होतो."

ताईने मान हलवली. तिने गोळी कुठे लागली ते विचारलं नाही. तिने विचारलं, "जेवला होता का रे तो?"

लाउबेने माझ्याकडे पाहिलं. गणवेश बघून तो घाबरला असावा. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"नाही, मावशी. कुठलं जेवण? जाताना खाऊन खाऊन जीव नको झाला, आणि येताना शेवटला अख्खा दिवस गाडी थांबलीच नाही. चाकांवरचं स्वयंपाकघर होतं, पण ते गाडीत पेटवायला बंदी, आणि पिशवीतले राखीव डबे हुकमाशिवाय फोडायचे नाहीत. हुकूम आलाच नाही. एका मोठ्या स्टेशनात, मुंकाच का काय, फलाटावर कढया मांडलेल्या. वाफ निघत होती. आम्ही सगळे दाराशी. गाडी तशीच सुसाट निघून गेली. आचारी डाव हातात धरून बघत राहिले." तो थांबला. "पेपी पोट धरून हसत होता, मावशी. वाऱ्यात डोकं बाहेर काढून ओरडला, 'मामा जिंकले! आज सायकलने गाठता येणार नाही!' आम्हाला काय समजलं नाही. म्हणाला, माझा एक मामा आहे, त्याला आता मी एक ताट डम्पलिंग देणं लागतो. आणि मग म्हणाला, भूक लागलीय राव."

ताईने पिशवीतून पाव आणि अंडी काढून त्याच्या उशाशी ठेवली. परत येताना ट्रामपर्यंत आम्ही चालत आलो. मी तिला सांगायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "पायरी सांभाळ."

तिला थांबे कुणी घातले ते ठाऊक आहे. कुणी काढले ते मी सांगितलेलं नाही.

कचेरीत जाऊन एक सूचना लिहून ठेवली. पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात, थांबा रद्द झाल्यास राखीव डबा उघडायची परवानगी आपोआप मिळावी. कर्नलसाहेब म्हणाले, चांगली सूचना आहे.

२० सप्टेंबर, रविवार

ताईने जेवायला बोलावलं होतं. बाजारात प्लम आले आहेत. टेबलावर दोनच ताटं. पेपीच्या खुर्चीवर तिने शिवणाची टोपली ठेवलीय.

ती स्वयंपाकघरातून मोठं ताट घेऊन आली, सणाला काढते ते. ताटभर डम्पलिंग, वर भाजलेल्या पावाचा चुरा, साखर, दालचिनी. वाफ येत होती.

"ताई, हे काय?"

"तू जिंकलास ना! पैज ती पैज."

मी म्हटलं, ताई, माझ्याने नाही जाणार. ती समोर बसली. तिची बोटं प्लमच्या रसाने काळीनिळी झाली होती, नखांपर्यंत.

"बिया त्याने काढायच्या ठरल्या होत्या," ती म्हणाली. "मी काढल्या."

मग मी सांगितलं. लाल पेन्सिल, मुंकाच, सगळं. माझ्या हाताने खोडलं, ताई. आणि त्याच्या आधीचंही सांगितलं, एकतीस जुलैचं, माझा 'नाही'. ते का सांगितलं मला माहीत नाही, त्यात तर माझं काही चुकलेलं नाही. तक्ता बरोबर होता, हे मी आजही कुणापुढेही सांगेन. मी बोलत असताना ती माझ्याकडे बघत होती, माझं बोलणं संपेपर्यंत. मग तिने डाव उचलला आणि माझ्या ताटलीत तीन डम्पलिंग वाढले.

"ताई, माझ्यावर रागावली आहेस का?"

"खा. गार होतील."

मी खाल्ले. ती काही खात नव्हती. मी थांबलो की ती आणखी एक वाढायची.